लाल रेषा कुठे आखायची?

लायकमिंग कंपनीच्या चार सिलिंडरच्या विमान-इंजिनात ऑइलचे तापमान ११८ अंश सेल्सिअसपर्यंत चढले, तरी कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे ते मर्यादेतच असते. माझदाचे रोटरी इंजिन बसवलेल्या विमानात हाच आकडा दिसला, तर जाणता वैमानिक थ्रॉटल मागे घेऊन जवळची धावपट्टी शोधू लागेल. त्याच्या दृष्टीने ९९ अंशांपाशीच, म्हणजे अमेरिकी मापात २१० फॅरनहाइटला, हद्द संपलेली असते. दोन्ही इंजिनांची ताकद १६०-१८० अश्वशक्तीच्या घरातली आणि दोन्ही एकाच जातीच्या दोन आसनी विमानांत बसवलेली सापडतात. मग आकड्यांत वीस अंशांची तफावत का? आणि रोटरीचा आकडा ठरवतो कोण?

लायकमिंगच्या बाबतीत उत्तर सरळ आहे. ते प्रमाणित इंजिन आहे. कारखान्याने ते चाचणी-बाकावर तासन्‌तास पिळून काढले, अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने, म्हणजे एफएएने, कागद तपासले आणि मर्यादा छापल्या गेल्या. गेजवरची लाल रेषा त्या कागदावरून येते आणि तिला कायद्याचे बळ असते. हौशी माणसाने घरच्या गॅरेजमध्ये बांधलेले विमान मात्र अमेरिकेत ‘एक्सपेरिमेंटल’ या वर्गात मोडते. निम्म्याहून अधिक बांधकाम हौशी माणसांनी शिकण्यासाठी किंवा आनंदासाठी केलेले असावे, ही मुख्य अट. इंजिन कोणते बसवायचे, यावर जवळजवळ बंधन नाही. कोणी मोटारीचे इंजिन बसवले, तर त्या इंजिनाच्या हवाई मर्यादा सांगणारा अधिकृत कागद जगात कुठेच नसतो. कारखानदार, परीक्षक आणि वैमानिक या तिन्ही भूमिका एकाच माणसाकडे येतात आणि लाल रेषाही त्यालाच आखावी लागते.

हे काही दोन-चार विक्षिप्तांचे वेड नव्हे. हौशी विमानबांधणाऱ्यांची एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन १९५३ मध्ये विस्कॉन्सिन राज्यात निघाली आणि तिथल्या ऑशकॉशला दर उन्हाळ्यात भरणारा तिचा मेळा जगातल्या मोठ्या विमानमेळ्यांत गणला जातो. बर्ट रुटान यांच्या नकाशांवरून बांधलेली लाँग-ईझी आणि रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांच्या किटमधून उभी राहिलेली आरव्ही मालिका तिथे रांगांनी दिसते. आपल्याकडे हा छंद दुर्मिळ. कांदिवलीतल्या इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात सर्वांना माहीत झाले. विमानाची नोंदणी होण्यासाठी त्यांना किती उंबरठे झिजवावे लागले, हेही वाचकांना आठवत असेल.

आता रोटरीकडे. पहिल्या महायुद्धातल्या विमानांतही ‘रोटरी’ म्हणवणारी इंजिने होती. त्यांत सिलिंडरांचे अख्खे कडबोळेच पंख्याबरोबर गरगरत असे. इथे ते अभिप्रेत नाही. इथले रोटरी म्हणजे फेलिक्स वांकेल यांच्या कल्पनेतून जर्मनीतल्या एनएसयू कंपनीत जन्मलेले इंजिन. ते पहिल्यांदा १९५७ मध्ये चालले. पुढे जपानच्या माझदाने ते मनावर घेतले, १९६७ मध्ये कॉस्मो आणि १९७८ मध्ये आरएक्स-७ या मोटारी बाजारात आणल्या. आपल्या रस्त्यांवर माझदा हे नाव लोकांनी वाचले ते स्वराज माझदाच्या मिनीबसवर, आणि तिच्यात साधे डिझेल इंजिन होते. पण वांकेलचा एक धागा थेट अहमदनगरपर्यंत, आजच्या अहिल्यानगरपर्यंत, येतो. ‘निशांत’ या वैमानिकरहित विमानासाठी ५५ अश्वशक्तीचे देशी वांकेल इंजिन तयार झाले, त्यात तिथल्या व्हीआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेचा वाटा होता. इंजिनाचा गाभा बंगळूरच्या एनएएल या विमानविद्येच्या प्रयोगशाळेचा, प्रज्वलन आणि इंधनाच्या यंत्रणा नगरच्या. मार्च २००९ मध्ये कोलारजवळ ते पहिल्यांदा हवेत गेले.

या इंजिनात वरखाली होणारा पिस्टन नाही. फुगीर कडांचा त्रिकोणी रोटर एका लांबट, मध्ये किंचित चिमटलेल्या पोकळीत फिरतो. त्याच्या तीन बाजू आणि भिंत यांच्यामधल्या जागा लहानमोठ्या होत जातात आणि त्यातच शोषण, दाब, स्फोट, उत्सर्जन ही चारही कामे उरकतात. रोटर एक फेरा घेतो तेवढ्यात मधला एक्सेंट्रिक शाफ्ट तीन फेरे घेतो. हौशी वैमानिकांचे आवडते १३बी हे इंजिन दोन रोटरचे, १३०८ घनसेंटिमीटरचे. मिनिटाला ६००० फेऱ्यांच्या आसपास ते उड्डाणाला पुरेशी ताकद देते. विमानाच्या पंख्याला हा वेग झेपत नाही, म्हणून मध्ये गिअरबॉक्स लागतो. तो २.१७ पटीने वेग उतरवणारा असेल तर पंखा २७६५ फेऱ्यांवर येतो आणि २.८५ पटीचा असेल तर २१०५ वर.

हवेत उडणाऱ्या माणसाला या इंजिनाची भुरळ पडते ती त्याच्या मरण्याच्या पद्धतीमुळे, असे म्हटले तर अतिशयोक्ती नाही. झडपा नाहीत, त्यामुळे झडप तुटून पिस्टनवर पडणे नाही. कनेक्टिंग रॉड नाही, त्यामुळे तो क्रँककेस फोडून बाहेर येणे नाही. रोटरच्या टोकावरचे अपेक्स सील गेले, तर ताकद घटते, खडखड सुरू होते, पण शाफ्ट बहुधा फिरत राहतो. शिवाय प्रत्येक रोटरला दोन स्पार्क प्लग कारखान्यातूनच असतात. एक प्लग गेला तरी दुसरा काम चालवतो, हे विमानवाल्यांचे जुने तत्त्व इथे आयतेच मिळते.

या गुणांच्या बदल्यात रोटरी जे मागते ते म्हणजे उष्णतेचा चोख बंदोबस्त. रोटरच्या पोटात कूलंट नेता येत नाही. तिथे ऑइल फवारले जाते आणि तेच रोटरला गार ठेवते. लायकमिंगमध्ये ऑइलचे मुख्य काम वंगणाचे, गार करण्याचे बरेचसे काम वाऱ्याचे. रोटरीत कूलंट आणि ऑइल मिळून जेवढी उष्णता बाहेर काढतात, तिच्यातला ढोबळमानाने तिसरा हिस्सा एकट्या ऑइलच्या वाट्याला येतो. ऑइल तापले म्हणजे रोटर तापला. रोटर तापला की त्याच्या कडेची ऑइल-सीलची रबरी कडी कडक होऊ लागतात, आणि बेअरिंगला मिळणारे ऑइलही पातळ झालेले असते. शिवाय इंजिनाची बांधणी म्हणजे लोखंडाच्या आणि अॅल्युमिनियमच्या जाड चकत्या लांब बोल्टांनी एकत्र आवळलेल्या. दोन्ही धातू तापल्यावर सारखे फुगत नाहीत. जास्त तापले की अॅल्युमिनियम बोल्टांच्या पकडीत चेपते आणि चकत्यांमधली पाणी अडवणारी रबरी कडी दबून मरतात. एकदा हे झाले की इंजिन गार झाल्यावरही पूर्ववत होत नाही. ९९ आणि ११८ यांमधला फरक तो हा.

पण ९९ हा आकडा देऊन थांबणे म्हणजे अर्धी माहिती देणे. कुठले ९९? ऑइल-कूलरमध्ये जाण्याआधीचे की कूलरमधून आल्यानंतरचे? पूर्ण ताकदीवर या दोन ठिकाणांत वीसेक अंशांचा फरक सहज पडतो. एकाने सेन्सर कूलरआधीच्या ऑइल-चेंबरमध्ये बसवला, दुसऱ्याने कूलरनंतरच्या नळीत, आणि दोघांनी एकमेकांचे आकडे उचलले, तर एकाचा इशाऱ्याचा भोंगा कारण नसताना वाजेल आणि दुसऱ्याचा वाजायला हवा तेव्हाही गप्प राहील. सेन्सर स्वतः किती खरे बोलतो, हाही प्रश्नच. उकळत्या पाण्यात तो बुडवून पाहणे ही सर्वांत स्वस्त परीक्षा. मात्र डेन्व्हरसारख्या समुद्रसपाटीपासून १६०० मीटर उंच गावात पाणी ९५ अंशांनाच उकळते, हे परीक्षा घेणाऱ्याला ठाऊक हवे.

मोटारीचे आकडेही विमानात तसेच्या तसे चालत नाहीत, कारण दोघांत इंजिन वापरण्याची रीतच वेगळी. आरएक्स-७ महामार्गावर वेगात पळताना इंजिनाच्या ताकदीचा लहानसा भागच वापरते. घाट चढताना पूर्ण ताकद लागली तरी ती काही मिनिटे, आणि तापलेच तर कडेला थांबता येते. विमान उड्डाण करताना पूर्ण ताकद घेते, नंतर तासन्‌तास सत्तर-पंचाहत्तर टक्क्यांवर चालते. वर चढताना तर सगळाच उलटा कारभार : ताकद सर्वांत जास्त आणि वेग कमी, म्हणजे रेडिएटरवर येणारा वारा सर्वांत कमी. अनेक मोटारींचा तापमानाचा काटा मुद्दामच आळशी केलेला असतो. बऱ्याच मोठ्या टप्प्यात तो मधोमध उभा राहतो, म्हणजे गिऱ्हाईक विनाकारण घाबरत नाही. विमानात असला काटा नसलेला बरा.

आता मला या विषयातला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. इशाऱ्याची मर्यादा ठरवताना बहुतेक जण विचारतात, ‘इंजिन किती सोसेल?’ विचारायला हवे ते, ‘भोंगा वाजल्यापासून माझ्या हातात किती वेळ उरेल?’ या प्रश्नाचे उत्तर बिघाड कोणत्या जातीचा आहे यावर ठरते.

एक ढोबळ हिशेब करून पाहू. समजा, पूर्ण ताकदीवर कूलंटला दर सेकंदाला ८० किलोज्यूल, म्हणजे ८० किलोवॅट, उष्णता बाहेर न्यावी लागते. यंत्रणेत आठ लिटर मिश्रण आहे आणि त्याच्याबरोबर साधारण सत्तर किलो धातू तापतो. हे सगळे एक अंशाने तापवायला सुमारे ७० किलोज्यूल लागतात. रेडिएटर थोडासा अपुरा आहे, निघायला हव्या त्या उष्णतेपैकी पाच टक्के मागे राहते, असे धरले तर तापमान मिनिटाला साडेतीन अंशांच्या आतबाहेर चढेल. शिवाय कूलंट जसे तापते तसा रेडिएटर जास्त उष्णता फेकू लागतो, त्यामुळे चढण हळूहळू मंदावते. वैमानिकाकडे चांगली पाच-सात मिनिटे आहेत. नाक थोडे खाली करावे, वेग वाढवावा, ताकद कमी करावी. भागते.

दुसऱ्या उदाहरणात पंपाचा पट्टा तुटला. ८० च्या ८० किलोवॅट आतच साचू लागले. तापमान सेकंदाला एका अंशाहून जास्त वेगाने चढेल. ८५ अंशांवरून १२० वर जायला अर्धे मिनिट. गेज एकच, सेन्सर एकच, पण एका बिघाडात मिनिटे आहेत आणि दुसऱ्यात सेकंद. लाल रेषा ११० वर आखली असेल, तर पहिल्या बिघाडात ती उत्तम काम करेल. दुसऱ्यात भोंगा वाजला तेव्हा दहाएक सेकंद शिल्लक राहिले असतील. म्हणून एका आकड्याच्या रेषेशिवाय तापमान चढण्याच्या गतीवरही इशारा असावा. आजकालच्या डिजिटल इंजिन-मॉनिटरांपैकी काहींत ती सोय असते. नसेल तर लाल रेषेच्या आतली, सावध करणारी पिवळी रेषा आपल्या रोजच्या आकड्याच्या अगदी जवळ आणून तेच काम साधावे लागते.

तिसऱ्या जातीचा बिघाड सर्वांत फसवा. होज फाटला किंवा क्लॅम्प सैल झाला आणि कूलंट बाहेर पडू लागले. आता तापमानाचा सेन्सर वाफेच्या किंवा हवेच्या पोकळीत लटकतो. द्रव त्याला भिडतच नाही, म्हणून तो खरे तापमान सांगू शकत नाही. इंजिन आत करपत असताना काटा स्थिर राहतो, कधी खालीही येतो. अशा वेळी तापमानाची मर्यादा कितीही विचारपूर्वक ठरवलेली असली तरी तिचा उपयोग शून्य.

इथे उपयोगी पडतो कूलंटचा दाब. रेडिएटरचे झाकण प्रेशर कुकरच्या शिटीसारखे काम करते : आतला दाब ठरावीक मर्यादेपर्यंत वाढू देते आणि त्यामुळे पाणी १०० अंशांना उकळत नाही. झाकण १३ पीएसआयचे, म्हणजे दर चौरस इंचाला १३ पौंड दाबाचे, असेल तर समुद्रसपाटीला साधे पाणी साधारण ११९ अंशांपर्यंत उकळणार नाही. मोटारवाल्याला एवढे समजले तरी पुरते. विमानवाल्याला आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते, ती म्हणजे झाकण जो दाब धरते तो बाहेरच्या हवेपेक्षा १३ पीएसआयने जास्त असतो, आणि बाहेरची हवा तर उंचीबरोबर विरळ होत जाते. दहा हजार फुटांवर तेच पाणी तेच झाकण असताना ११३ अंशांना उकळेल. आणि झाकणच गळू लागले, दाब उरलाच नाही, तर तिथे साधे पाणी ९० अंशांना उकळते. ग्लायकॉलचे मिश्रण सात-आठ अंश जास्त तग धरते, तेवढेच. म्हणजे ९५ अंश हा आकडा दाब असताना अगदी निर्धास्त आहे आणि दाब नसताना उकळीच्या उंबरठ्यावर.

म्हणून कूलंटच्या दाबाचा सेन्सर आणि दाब घसरला तर वाजणारा भोंगा ही रोटरी विमानातली माझ्या मते सर्वांत मोलाची जोडणी आहे. गळती सुरू झाली की तापमानाआधी दाब पडतो. ही मर्यादा ठरवायला मात्र डोके लागते. इंजिन थंड असताना दाब शून्यच असतो, तेव्हा भोंगा वाजणारच. ‘कूलंट सत्तर अंशांच्या वर असून दाब इतक्याखाली’ अशी जोड-अट लावता आली तर उत्तम. मॉनिटरला ते जमत नसेल, तर इंजिन तापेपर्यंत तो एक इशारा सहन करावा आणि उड्डाणाआधी तो विझलाच पाहिजे, अशी स्वतःला शिस्त लावावी. उलट बाजूला दाब झाकणाच्या मर्यादेला टेकला, तर तोही इशारा आहे : आत कुठेतरी वाफ होते आहे किंवा फुटलेल्या सीलमधून जळणारा वायू पाण्यात शिरतो आहे.

ऑइलच्या दाबाची गोष्ट याच वळणाची. १३बी चा दाब ३००० फेऱ्यांना ७० पीएसआयच्या आसपास असतो, पण इंजिन तापल्यावर धावपट्टीच्या टोकाला हळू चालत असताना तो वीस-तीसवर येतो. जमिनीवर भोंगा वाजू नये म्हणून कोणी मर्यादा १५ वर ठेवली, तर हवेत दाब ७५ वरून ४० वर आला तरी सगळे शांत. ४० म्हणजे तिथे मोठी गडबड आहे. ऑइल गळते आहे, पंप गेला आहे किंवा बेअरिंगने जबडा उघडला आहे. मर्यादा फेऱ्यांशी बांधली, म्हणजे ४००० फेऱ्यांच्या वर ५० आणि खाली १५ अशी ठेवली, तर दोन्ही परिस्थिती निभावतात. याला दुसरी बाजूही आहे. ऑइल गार असताना विमान उडवू नये, म्हणून खालच्या तापमानाचीही एक मर्यादा असावी. लोक ती विसरतात.

इंधनाच्या दाबात मेख वेगळी आहे. पेट्रोल फवारणाऱ्या यंत्रणेतला रेग्युलेटर इनटेक मॅनिफोल्डमधल्या दाबाकडे पाहून इंधनाचा दाब कमीजास्त करतो. थ्रॉटल मिटले, की इंधनाचा दाब आठ-दहा पीएसआयने आपोआप उतरतो, आणि तो उतरायलाच हवा. पूर्ण ताकदीवरचा आकडा पाहून ज्याने मर्यादा आखली त्याचा भोंगा उतरताना, धावपट्टी समोर असताना, नेमका नको त्या क्षणी बोंबलेल.

व्होल्टेजवर मात्र कोणी फारसा विचार करत नाही, आणि तिथेच जीव अडकलेला असतो. लायकमिंगला मॅग्नेटो असतो, बॅटरी काढून फेकली तरी ते चालत राहते. रोटरीचे इग्निशन, इंजेक्शन आणि इंधनपंप तिन्ही विजेवर. वीज गेली की पंखा वाऱ्यावर. अल्टरनेटर नीट चालू असेल तर व्होल्टमीटर १३.८ ते १४.४ दाखवतो. तो बंद पडला, की आकडा १२.६ च्या आसपास घसरतो आणि मग बॅटरी रिती होईपर्यंत सावकाश उतरत जातो. मर्यादा १३ वर ठेवली तर अल्टरनेटर मेला त्याच मिनिटाला कळते. ११ वर ठेवली तर बॅटरी संपत आल्यावर. २० अँपिअर-तासांची बॅटरी आणि २० अँपिअरचा भार असेल, तर कागदावर एक तास आणि जुनी बॅटरी असेल तर त्याहून बराच कमी. त्या तासाचे पहिले मिनिट हातात पडणे आणि शेवटचे मिनिट हातात पडणे, यात सगळा फरक आहे.

एक्झॉस्टच्या तापमानावर इथे एक परिच्छेद पुरे. पिस्टन इंजिनांत ते सातशे-आठशे अंशांच्या घरात असते. रोटरीत ८७० ते ९८० हे नेहमीचेच. रोटरीचा धूर इतका तप्त असतो, की साध्या सायलेन्सरच्या आतले पडदे तो काही तासांत खाऊन टाकतो. पिस्टनच्या मर्यादा लावल्या तर भोंगा कधी थांबणारच नाही. नेमका आकडा सेन्सर पोर्टपासून किती अंतरावर आहे यावरही हलतो, म्हणून दोन माणसांच्या आकड्यांची तुलना फुकट. खरा उपयोग दोन रोटरांची एकमेकांशी तुलना करण्यात. एरवी दोन्ही बरोबर चालतात. एकाचा आकडा एकाएकी चढला, तर प्लग गेला किंवा मिश्रण पातळ झाले. एकदम पडला, तर त्या रोटरात जळतच नाही. मर्यादा ठेवायचीच तर या फरकावर ठेवावी.

फेऱ्यांच्या मर्यादेबद्दल माझदाने स्वतःच धडा दिला आहे. आरएक्स-७ मध्ये लाल रेषा जवळ आली की बझर वाजायचा. इंजिन इतके विनाकंप चढते की कानाला आणि हाताला ते कळतच नाही. विमानात पंख्याचा भार असल्याने वेग सहसा मर्यादेबाहेर जात नाही. गेला तर गिअरबॉक्समधला दुवा तुटला असण्याची शंका आधी घ्यावी.

मग हे सगळे आकडे यायचे कुठून? दुसऱ्याच्या विमानातून तर नाहीच. प्रमाणित नसलेल्या इंजिनाच्या विमानाला अमेरिकेत सुरुवातीचे उड्डाण-तास, रूढ प्रघाताप्रमाणे ४०, वस्तीपासून दूर ठरवून दिलेल्या भागात आणि प्रवासी न घेता काढावे लागतात. हे तास बहुतेक जण कसेबसे उरकायचे म्हणून पाहतात. खरे म्हणजे मर्यादा जन्मतात त्या इथेच. मॉनिटर दर सेकंदाला नोंद ठेवतो. घरी येऊन ती नोंद काढायची आणि पाहायचे : पूर्ण ताकदीच्या चढणीत कूलंट कुठे थांबले, आडव्या उड्डाणात कुठे, जमिनीवर हळू चालताना कुठे. यातून ‘माझ्या इंजिनाचे रोजचे’ काय ते कळते. पिवळी रेषा या रोजच्याच्या अगदी बाहेर, पाच-सहा अंशांवर. लाल रेषा धातू आणि रबर जिथे दगा देतात त्याच्या आत, हालचाल करायला वेळ उरेल एवढी मागे.

यात हवामान मिसळावे लागते. थर्मोस्टॅट पूर्ण उघडल्यानंतर रेडिएटर काही ठरावीक तापमान राखत नाही. तो बाहेरच्या हवेपेक्षा अमुक अंश जास्त, असा फरक राखतो. फेब्रुवारीत १५ अंशांच्या सकाळी चढणीत कूलंट ८८ वर थांबले, म्हणून खूश होऊन ९५ वर पिवळी रेषा आखली, तर जुलैच्या दुपारी ३८ अंशांत तेच इंजिन १०० च्या पुढे जाईल आणि भोंगा रोज वाजेल. वाजू लागल्यावर माणूस काय करतो, तर रेषा वर ढकलतो. असे दोन उन्हाळे गेले की रेषेला अर्थ उरत नाही. खरे उत्तर मोठा रेडिएटर किंवा त्याच्याकडे हवा नेणारी नीट वाट हे असते. पण पत्रा कापण्यापेक्षा मॉनिटरवरचा आकडा बदलणे सोपे असते, एवढेच.

भोंग्याचा आवाज हाही मर्यादेचाच भाग मानायला हवा. १४ ऑगस्ट २००५ रोजी हेलिऑस एअरवेजचे बोइंग ७३७ सायप्रसहून अथेन्सकडे निघाले. केबिनमधला हवेचा दाब कमी होत होता आणि इशाऱ्याचा भोंगा वेळेवर वाजलाही. पण त्या विमानात हाच भोंगा उड्डाणापूर्वी यंत्रणा नीट नसल्याचाही इशारा देत असे. वैमानिकांनी तो त्या अर्थाने घेतला आणि काही वेळात प्राणवायूअभावी त्यांची शुद्ध हरपली. १२१ माणसे गेली. घरी बांधलेल्या विमानात एकच बझर दहा गोष्टींसाठी वाजत असेल, तर निदान पडद्यावरचा शब्द पाहिल्याशिवाय हात हलवू नये. शक्य असेल तर हेडफोनमध्ये बोलणारा इशारा घ्यावा. ‘ऑइल प्रेशर’ हे दोन शब्द कानावर पडले की नजर कुठे वळवायची, हे शोधावे लागत नाही. एफएएच्या रंगांच्या संकेतातही हीच वाटणी आहे : लाल म्हणजे आत्ता लक्ष आणि आत्ताच कृती, पिवळा म्हणजे आत्ता लक्ष, कृती थोड्या वेळाने. ज्या लाल इशाऱ्यावर करण्यासारखे काहीच नाही, तो लाल असूच नये.

आणि करायचे ते आधी लिहून ठेवलेले असावे. कूलंटचा दाब पडला : ताकद निम्म्यावर, धावपट्टीकडे वळा, तापमानाच्या गेजवर विश्वास ठेवू नका. व्होल्टेज पडले : नको ते सगळे दिवे आणि रेडिओ बंद, इंधनपंप आणि इग्निशन चालू, जवळचे विमानतळ. यातल्या कुठल्याही ओळीत ‘इंजिन बंद करा’ असे नाही. मोटारीत लाल दिवा लागला की किल्ली फिरवायची, कारण इंजिन महाग असते. एका इंजिनाच्या विमानात खाली झाडे असतील, तर इंजिन करपून निकामी होईपर्यंत चालवणे हाच शहाणपणा. पिस्टन एकदा सिलिंडरमध्ये जॅम झाला की सारे संपते. रोटरी अर्धमेले होऊनही बरेचदा काही मिनिटे पंखा फिरवत राहते.

राहता राहिली इशाऱ्यांची स्वतःची परीक्षा. ऑइलच्या दाबाचा इशारा रोज आपोआप तपासला जातो : किल्ली फिरवली की दाब शून्य, त्यामुळे दिवा लागतो आणि भोंगा वाजतो, आणि इंजिन धरले की दोन्ही थांबतात. बाकीच्या इशाऱ्यांना असे भाग्य नाही. कूलंटच्या तापमानाचा भोंगा वर्षभर वाजलाच नाही, तर इंजिन उत्तम आहे की तार तुटली आहे, हे कळायला मार्ग नाही. म्हणून वर्षाच्या तपासणीत इंजिन जमिनीवर गरम करून एकेक मर्यादा मुद्दाम खाली आणायची, म्हणजे कूलंटची ७० वर आणि व्होल्टेजची उलट वर, १५ वर, आणि प्रत्येक भोंगा खरोखर वाजतो का ते ऐकायचे. नंतर जुने आकडे परत घालायचे, आणि ते नीट घातले गेले आहेत ना, हे लॉगबुकात लिहून ठेवलेल्या आकड्यांशी ताडून पाहायचे.